जुनी शिकारी कार्बाइन दाखवायला आणताय? आधी घासू नका!

सप्रेम नमस्कार.

"आजोबांची आखूड रायफल आहे, आता किती येतील?" हा प्रश्न आमच्या बंदुकीच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणं रास्त आहे. जुन्या बनावटीच्या या कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, आता बनत नाहीत, आणि १९८० च्या दशकात व्यापाऱ्यांची आयात थांबल्यापासून बाहेरूनही येत नाहीत. ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याची १९०३ ची मानलिखर-शोनाउअर बघा. दस्त्याचं लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत, आणि काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन असं की बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) एका बोटानं लोण्यासारखा सरकतो. असलं हातकाम आज परवडत नाही. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीच्या ९४ मॉडेलची बनावट १९६४ मध्ये खर्च वाचवायला बदलली, म्हणून त्याआधीच्या नगाला शौकीन जास्त मोजतात. २००६ मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना बंद पडला, तशी मागणी आणखी वाढली.

मोबाइलवर दिसणारा अमेरिकेतला भाव मात्र इथं धरू नका. आपल्याकडं घेणाऱ्याजवळ परवाना लागतो, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसानं आलेली धरून. गिऱ्हाईक मोजकं आहे आणि ते पारखी आहे.

आता मुख्य गोष्ट. आणायच्या आधी लोक बंदूक "चकाचक" करतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. भुदरगड भागातून एक मानलिखर आली होती. घरच्या पोरानं हौसेनं इमरी पेपर मारून वर्कशॉपात बफिंग करून घेतलं होतं. नळी आरशासारखी चमकत होती, पण मूळ निळसर काळा रंग गेलेला, कारखान्याचे शिक्के पुसट, आणि नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ ते भिंगातूनही कळेना. परवान्यावरचा नंबर हत्यारावर जुळल्याशिवाय पुढचा एकही कागद हलत नाही. त्यात चार महिने गेले, आणि किंमत निम्म्यावर आली. नंबर मुद्दाम पुसणं हा तर कायद्यानं गुन्हाच आहे. नळी कापून "कार्बाइन" करणंही तसंच.

दस्त्याला व्हार्निश नको. खोबरेल तेल तर अजिबात नको, थंडीत ते गोठून खटक्यात बसतं. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ती ओल धरते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात महिन्याभरात गंज चढतो. मऊ फडक्यानं बंदुकीचं पातळ तेल पुसा, बस्स. तांबूस डाग असले तरी तसेच राहू द्या, ते काढायचे की नाही हे आम्ही बघून सांगतो.

फोनवर भाव सांगत नाही म्हणून काही जण रागावतात. पण नळीच्या आत बॅटरी मारल्याशिवाय, शिक्के वाचल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे तुमचीच फसवणूक. येताना मूळ परवाना आणा, हत्यार रिकामं असू द्या. परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरात ठेवून वाट बघू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा आमच्याकडं रीतसर जमा करा, पावती घ्या, मग वारसाचा अर्ज. त्याचे कागद आम्ही भरून देतो.

जमा हत्यारांना आम्ही दर महिन्याला तेलाचा हात देतो. मृग निघायच्या आत आणलीत तर पावसाळाभर काळजी नाही.