आरोग्य तपासणीची धास्ती

कोणताही विशेष त्रास होत नसताना, केवळ नेमाने करावयाच्या वैद्यकीय तपासणीच्या विचाराने वाटणारी भीती व अस्वस्थता. ही धास्ती म्हणजे स्वतंत्र आजार नव्हे. परंतु रक्तदाब व मधुमेह पुष्कळदा सुरुवातीला कोणतेही लक्षण दाखवत नसल्यामुळे, तिच्यापायी तपासणी टाळत राहणे महागात पडू शकते.

पुण्यात हिंजवडीच्या कंपन्यांतील नोकरदारांपासून पेठांतील निवृत्त मंडळींपर्यंत अनेकांना ती परिचित आहे. सकाळी प्रयोगशाळेच्या बाकावर उपाशीपोटी, गेल्या वर्षीच्या रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला सुईपेक्षा ‘काही निघालं तर?’ हा प्रश्न अधिक छळतो. घरातील कोणाला अशाच तपासणीत मोठे दुखणे निघाले असेल, तर ही भीती निराधार म्हणता येत नाही आणि ‘उगाच घाबरतोस’ असे म्हणून ती जातही नाही.

या धास्तीचा सर्वांत ठळक परिणाम रक्तदाबाच्या मापनावर होतो. भीतीने ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दवाखान्यात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरतो, तर त्याच व्यक्तीचा घरी अनेकदा मोजलेला सरासरी रक्तदाब १३५/८५ च्या आत असतो. यास, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून, ‘व्हाइट कोट’ उच्च रक्तदाब म्हणतात. म्हणून जिना चढून आल्याबरोबर पट्टा बांधून घेऊ नये; पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, लघवी तुंबलेली नसावी, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी घेतलेली नसावी आणि मोजताना बोलू नये. शंका राहिल्यास डॉक्टर घरच्या नोंदी मागतात किंवा चोवीस तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र लावतात. ही वाढ निव्वळ भीतीची म्हणून सोडून देणे मात्र चुकीचे होय, कारण अशा काही व्यक्तींना पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडतो.

ताणामुळे रक्तातील साखरही तात्पुरती वाढू शकते. सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीवर एका रात्रीच्या काळजीचा परिणाम होत नाही.

रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून अनेकांचे धाबे दणाणते. वास्तविक, बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसतील अशी आखलेली असते. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्यास पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेली ‘फुल बॉडी चेकअप’ची मोठी पॅकेजे भीती कमी करण्याऐवजी वाढवतात, ती पुष्कळदा यामुळेच.

रक्त पाहून भोवळ येत असल्यास तसे आधीच सांगावे व आडवे होऊन रक्त द्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. भीतीने तपासणी वर्षानुवर्षे टळत असेल, किंवा रिपोर्ट चांगले येऊनही मन मानत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य समुपदेशन मिळते.