चंद्र : ठाणे खाडीच्या काठावरून

चंद्र हा पृथ्वीचा एकमेव नैसर्गिक उपग्रह. त्याचा व्यास सुमारे ३,४७४ किमी, म्हणजे पृथ्वीच्या पावपटीहून थोडा जास्त. पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० किमी. चित्रांत दोघांना शेजारी-शेजारी काढतात ते कागदाच्या सोयीसाठी. पृथ्वी फुटबॉलएवढी धरली, तर चंद्र टेनिसच्या चेंडूएवढा होतो आणि तो साडेसहा मीटरवर, फळ्यापासून मागच्या बाकापर्यंतच्या अंतरावर ठेवावा लागतो.

चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सूर्यप्रकाशाने त्याचा अर्धा गोल नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे यावर कला ठरते. पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात, असे मोठी माणसेही सांगतात. ते चूक आहे. ती सावली पडते फक्त चंद्रग्रहणात. चंद्राची पृथ्वीभोवतीची फेरी सुमारे २७.३ दिवसांत होते, पण तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असल्याने अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस लागतात.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता ऐरोली-घणसोलीकरांना तो पारसिकच्या डोंगरामागून वर येताना दिसतो. तेव्हा तो परातीएवढा भासतो, पण हात लांब करून करंगळी आडवी धरली की अख्खा झाकला जातो. मध्यरात्री डोक्यावर असतानाही तीच करंगळी पुरते. तीन-चार दिवसांनी संकष्टी येते आणि उपास सोडायला घरच्यांना नऊच्या आसपासपर्यंत थांबावे लागते, ते याच रोजच्या उशिरामुळे. आपण विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने फाल्गुन-चैत्रातली संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी दिसते. युरोपातल्या गोष्टींच्या पुस्तकांत ती उभी असते. मुलांनी आपल्या वहीत आपली कोर काढावी.

चंद्राचे सर्वांत जवळचे काम दिसते ते खाडीत. मानखुर्दहून वाशीकडे सकाळी लोकलने येताना पुलाखाली चिखल दिसावा आणि सहा तासांनी परतताना तिथेच पाणी चकाकावे, ही चंद्राच्या ओढीची करामत. त्याच्या बाजूचे समुद्राचे पाणी मधल्या पृथ्वीपेक्षा जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे तिच्यापेक्षा कमी, ते मागे राहते. म्हणून पृथ्वीच्या दोन्ही अंगांना फुगवटा येतो आणि सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या होतात. सूर्यही पाणी फुगवतो, पण चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी.

किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीला पाऊणने गुणावे, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी भरते बाराच्या सुमारास. आडाख्याकडे मिनिटांचा हिशेब मागू नये. खाडीच्या आतल्या टोकाला, ठाण्याकडे, पाणी आणखी थोडे मागून पोचते. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाला तिथी कळली की पाणी कळते. फ्लेमिंगोंचे वेळापत्रकही हेच : ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरायचे, भरती चढली की सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळ जागी जाऊन थांबायचे.

चंद्रावर हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळे विषुववृत्ताजवळ दिवसा तापमान १२० अंश सेल्सिअसवर जाते आणि रात्री उणे १३० च्या खाली उतरते. गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश : काट्यावर ३६ किलो भरणारी मुलगी तिथे सहा किलो भरेल. आपण ज्यांना ससा किंवा हरीण म्हणतो ते काळसर डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची मैदाने. स्वतःभोवतीची आणि पृथ्वीभोवतीची फेरी एकाच काळात होत असल्याने आपल्याला कायम तीच बाजू दिसते.

१९६९ ते १९७२ या काळात १२ माणसे चंद्रावर चालली. २००८ मध्ये निघालेल्या भारताच्या चांद्रयान-१ वरील उपकरणांना तिथे पाण्याचे अंश आढळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर दक्षिण ध्रुवाच्या परिसरात उतरला.

भरती-ओहोटीच्या ओढाताणीत पृथ्वीचे फिरणे अतिशय सावकाश मंदावते आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंमी दूर सरकतो. अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून, तो परतायला किती वेळ लागतो त्यावरून हे अंतर मोजले जाते.