बुकमार्कखालची टीप कुठे गेली?

एखाद्या जमिनीचा प्रादेशिक आराखड्यातला झोन बदलू देणारं कलम १७(२) नगरनियोजन कायद्यात २०२३ साली आलं. असे बदल राजपत्रात छापून येतात, त्यामुळे तेव्हापासून गोव्यात राजपत्राच्या पीडीएफ धुंडाळणं हे फक्त वकिलांचं काम राहिलेलं नाही. या पीडीएफचं नाव म्हणजे वर्ष, अंक आणि मालिका यांचे आकडे. आत कोणत्या गावचा कुठला सर्व्हे नंबर आहे, ते नावावरून कळायला मार्ग नाही. नुसता बुकमार्क करून ठेवला तर महिन्याभराने तो कशासाठी केला तेच आठवत नाही. त्याखाली ‘पान अमुक, एक-चौदाच्या उताऱ्याशी (म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीशी) ताडून पाहणे’ एवढं लिहायला जागा हवी. ही जागा एके काळी ब्राउझरमध्येच होती.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. १९९३च्या मोझॅक ब्राउझरमध्ये ‘हॉटलिस्ट’, म्हणजे जतन केलेल्या दुव्यांची यादी होती आणि पानाला स्वतःची टीप जोडायची सोयही होती. पुढच्या वर्षी आलेल्या नेटस्केपने सगळे बुकमार्क एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवले: दुवा, जतन केल्याची वेळ आणि हवं तर खाली वर्णन. ब्राउझरमधून बुकमार्क बाहेर काढले की आजही जवळपास याच साच्याची फाइल हाती येते.

मराठी वाचकाला वर्णनाच्या या रकान्याची गरज जरा जास्तच होती. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली वृत्तपत्रं संकेतस्थळावर आपापले फॉन्ट वापरत. पान नीट दिसे, पण त्याचा बुकमार्क केला की मथळ्याच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटे. बातमी कशाची होती ते खाली हाताने लिहावं लागे, बहुतेक वेळा रोमनमध्ये.

२००३ साली दुवे ऑनलाइन जतन करायची डिलिशस ही सेवा आली आणि फोल्डरऐवजी टॅग लावायची सवय लागली. दुव्याबरोबर टीपही ठेवता येई. गोव्यात टॅगची वेगळीच पंचाईत. पणजी, पणजिम, पांजिम, नोव्हा गोवा. संदर्भ ज्या काळातला, तसं नाव. एकच शहर चार कप्प्यांत विभागलं जातं. २००५च्या अखेरीस एका बड्या कंपनीने डिलिशस विकत घेतलं. डिसेंबर २०१० मध्ये ते गुंडाळणार असल्याची बातमी फुटली आणि लोकांनी आपापले दुवे उतरवून घ्यायची घाई केली. पुढच्या वर्षी सेवा विकली गेली. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या टिपांवरचा विश्वास उडाला तो तेव्हा.

मग उरला ब्राउझर. फायरफॉक्समध्ये वर्णनाचा रकाना होता, टॅगही होते. क्रोममध्ये २००८ पासून दोन्ही नव्हते, त्यामुळे तिथे हरवण्यासारखं काही नव्हतंच. सप्टेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सची ६२वी आवृत्ती आली आणि तिने हा रकाना काढून टाकला. आधी लिहिलेली वर्णनं पुढच्या एखाद्या आवृत्तीत पुसली जातील, हवी असल्यास एचटीएमएल किंवा जेसॉन फाइलमध्ये काढून ठेवा, अशी सूचना आवृत्तीच्या टिपणात होती. आवृत्तीचं टिपण किती जण वाचतात?

या निर्णयाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. बुकमार्क करताना फायरफॉक्स पानातलं मेटा वर्णन (पान बनवणाऱ्याने कोडमध्ये लिहिलेला सारांश) उचलून त्या रकान्यात आपणच भरत असे. त्यामुळे तिथे साठलेला बराचसा मजकूर वाचकाने लिहिलेलाच नव्हता. पत्त्याच्या पट्टीत शोधतानाही तो विचारात घेतला जात नसे. म्हणजे अडगळ, असं म्हणता येईल. पण पीडीएफला मेटा वर्णन नसतं. राजपत्राच्या बुकमार्कखाली जे काही होतं ते कुणीतरी बसून टाइप केलेलंच होतं. आपोआप भरणं थांबवायचं आणि हाताने लिहायची सोय ठेवायची, हा मधला मार्ग होता. तो घेतला नाही, ही माझ्या मते सरळ चूक होती. टीप मथळ्यात कोंबा किंवा टॅगमध्ये लिहा, हे सल्ले त्यानंतरचे. विवाल्डी या ब्राउझरने मात्र वर्णनाचा रकाना ठेवला आहे.

त्याआधी वर्षभर आणखी एक दार बंद झालं होतं. नोव्हेंबर २०१७ मधल्या ५७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सची जुन्या पद्धतीची एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, चालेनाशी झाली. पानाची प्रत संगणकावर उतरवून तिच्यावर खुणा करू देणारं स्क्रॅपबुक त्यातच गेलं. संदर्भ आणि टिपा जपणारं झोटेरो २००६ साली एक्सटेन्शन म्हणूनच जन्मलं होतं. त्याने २०१७ मध्येच ब्राउझरमधला संसार आवरून स्वतंत्र डेस्कटॉप ॲप म्हणून पुढची वाट धरली. आज टिपांसकट दुवे जपणारे पुष्कळ जण तिकडे वळतात याचं कारण हेच. २०२२च्या सहाव्या आवृत्तीत पीडीएफवर खुणा करता येऊ लागल्या, २०२४च्या सातव्या आवृत्तीत जतन केलेल्या वेबपानावरही. मूळ पान उडालं तरी प्रत आणि टीप आपल्या संगणकावर राहते. ऑनलाइन सेवांचं पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद, नंतर वाचायचे दुवे जपणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद.

२०१८ पूर्वी फायरफॉक्समधून काढलेली एचटीएमएल फाइल एखाद्या जुन्या डिस्कवर पडून असेल, तर ती नव्या फायरफॉक्समध्ये भरून उपयोग नाही. वर्णनं ठेवायला तिथे जागाच नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर प्रत्येक दुव्याखाली ती अजून वाचता येतात.