रासायनिक बंध

रासायनिक बंध म्हणजे अणूंना रेणूत किंवा स्फटिकात धरून ठेवणारे विद्युत आकर्षण. आयनिक बंधात एका अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातो आणि दोघे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनतात, सहसंयुज बंधात दोघे इलेक्ट्रॉन वाटून घेतात, धातूबंधात बाहेरचे इलेक्ट्रॉन साऱ्या तुकड्यात मोकळे फिरतात.

बंध ओळखताना आधी मूलद्रव्ये पाहावीत. धातू-अधातू जोडी बहुधा आयनिक, अधातू-अधातू सहसंयुज. मग पाउलिंग मापावरील विद्युतऋणतांचा, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या ताकदीचा, फरक काढावा. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३, म्हणून मीठ आयनिक. ०.४ च्या आत फरक असल्यास बंध जवळपास अध्रुवीय (इलेक्ट्रॉनांची वाटणी सारखी), पुढे ध्रुवीय (वाटणी एका बाजूला झुकलेली), १.७ च्या वर आयनिक, असा ढोबळ नियम आहे. मात्र त्यावर डोळे झाकून विसंबू नये. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८, तरी तो सहसंयुज आणि सुमारे २० अंश सेल्सिअसला उकळणारा. सोडियम हायड्राइडमध्ये फरक अवघा १.२७, तरी ते आयनिक. म्हणून वितळणबिंदू आणि द्रावणातली वीजवाहकता ताडून पाहावी.

एका पदार्थात एकच बंध असतो, हा समज सर्वांत जास्त घोटाळा करतो. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या वापरातला मोरचूद, म्हणजे पाणी धरून ठेवलेले कॉपर सल्फेट, पाहा. त्यात तांब्याचे धन आयन आणि सल्फेटचे ऋण आयन परस्परांना ओढतात. सल्फेटच्या आत गंधक-ऑक्सिजन बंध सहसंयुज. त्यातल्या पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन तांब्याशी समन्वय बंधाने जोडलेले, पाचवा केवळ हायड्रोजन बंधांनी, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजनच्या शेजारच्या ऑक्सिजनकडील कमजोर ओढीने, अडकलेला. खडा तापवला की पाणी टप्प्याटप्प्याने जाते, शेवटचा रेणू सुमारे २०० अंशांना, आणि निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते. थेंबभर पाणी टाकताच ती पुन्हा निळी होते.

द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचे फवारणीचे औषध, करताना एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी ५० लिटर पाण्यात कालवून एकत्र करतात. लोखंडी भांडे चालत नाही. लोखंड तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते, आयनांचे अणू बनतात आणि ते धातूबंधाने एकत्र येऊन भांड्यावर लाल थर धरतात; औषधातले तांबे तेवढे कमी होते. मिश्रण तपासायलाही हीच क्रिया कामी येते. स्वच्छ लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवावा. पात्यावर तांबूस झाक आली तर तांबे अजून मोकळे आहे. अशा वेळी चुन्याची निवळी वाढवावी, नाहीतर कोवळी पाने करपतात.