घरगुती वातानुकूलनाचा वीजखर्च आणि बचत

घरातली हवा थंड व कोरडी ठेवण्यासाठी एसीला वीज लागते. यंत्र न बदलता, केवळ रोजच्या वापरात फरक करून हा खप कमी करण्याचे उपाय या नोंदीत दिले आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ मधील अहवालानुसार जगभरात सुमारे १.६ अब्ज एसी वापरात होते आणि इमारतींमध्ये खर्च होणाऱ्या विजेपैकी जवळपास एक पंचमांश वीज एसी आणि पंखे मिळून घेत होते.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलमध्ये (नळ्यांच्या वेटोळ्यात) प्रशीतकाची, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाची, वाफ होते आणि ती खोलीची उष्णता शोषते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून आणखी तापवतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते. विजेचा बहुतेक वाटा कॉम्प्रेसरकडे जातो. बिल त्यामुळे दोन गोष्टींवर ठरते: किती उष्णता बाहेर काढायची, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात किती फरक राखायचा. पुढचे सगळे उपाय याच दोन गोष्टींना हात घालतात. एसीची क्षमता टनात सांगतात. एक टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला लागेल त्या वेगाने उष्णता काढणे, म्हणजेच साधारण ३.५ किलोवॅट. चांगल्या स्थितीतला एसी एक युनिट वीज घेऊन तीन किंवा अधिक युनिट उष्णता बाहेर टाकतो.

तापमान आणि पंखा

सर्वांत मोठी बचत रिमोटवरच्या आकड्यात आहे. बाहेर ३६ अंश सेल्सिअस असताना खोली २० अंशांवर ठेवली तर फरक १६ अंशांचा होतो, २६ वर ठेवली तर १० अंशांचा. भिंती, छत आणि काचांमधून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती एक तृतीयांशाहून अधिक घटते. शिवाय फरक कमी असला की कॉम्प्रेसरला प्रशीतक कमी दाबावे लागते आणि तेवढ्याच विजेत जास्त उष्णता बाहेर जाते. असा हा दुहेरी लाभ आहे. प्रत्येक अंश वाढवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ढोबळमानाने सांगितले जाते. बाहेर उकाडा सौम्य असेल तेव्हा हे प्रमाण वाढते, कारण मुळातच लहान असलेल्या फरकातून एक अंश कमी होतो. एसी कडाक्याच्या उन्हात काटकसरीने वापरणारे लोक हलक्या उकाड्याच्या रात्री निर्धास्तपणे तापमान खाली आणतात. खरे तर अशा रात्री एकेका अंशाचे मोल अधिक असते.

खोली लवकर थंड व्हावी म्हणून सुरुवातीला १६ किंवा १८ लावण्याची सवय व्यर्थ आहे. तापलेल्या खोलीत यंत्र तसेही पूर्ण जोराने चालू असते. आकडा खाली नेल्याने ते २५ अंशांपर्यंत लवकर पोचत नाही, तिथे पोचल्यावर थांबत मात्र नाही.

माणसाला थंड वाटणे हे केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसते. डॅनिश शास्त्रज्ञ पोल ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या ऊष्मीय सुखाच्या सिद्धांतात सहा घटक आहेत: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. वाऱ्याचा वेग वाढवण्याचे काम छताचा पंखा अगदी थोड्या विजेत करतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट आणि बीएलडीसी या कमी वीज घेणाऱ्या मोटरचा ३० ते ३५ वॅट घेतो, तर दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना दीड किलोवॅटच्या आसपास. पंखा मंद चालू ठेवून एसी दोन अंश वर नेला तरी अंगाला तेवढेच बरे वाटते. हलके सुती कपडे आणि पातळ पांघरूण हाही याच हिशेबाचा भाग आहे. एसी २० वर लावून जाड दुलई घेणे म्हणजे त्याच सुखासाठी दुप्पट खटाटोप. पंखा हवेला थंड करत नाही, फक्त माणसाला गारवा देतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत तो बंद करावा, नाहीतर त्याच्या मोटरची उष्णता खोलीत साठते.

ऊन आणि घरातली उष्णता

तापमानाखालोखाल महत्त्व उन्हाला. काचेतून आत आलेले ऊन जमीन आणि फर्निचर तापवते आणि ती उष्णता आतच अडकते. ऊन काचेबाहेरच अडवणे सर्वांत गुणकारी: छज्जा, बांबूचा चिक, बाहेरून बांधलेली शेडनेट. आतला पडदा उपयोगी असतो, पण ऊन तोवर काच ओलांडून आलेले असते. पडद्याची बाहेरची बाजू पांढरी असेल तर बरेच ऊन परत जाते. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांवर ऊन तिरपे येते, त्यामुळे आडव्या छज्जाचा तिथे फारसा उपयोग होत नाही आणि उभा आडोसाच लागतो. यातही पश्चिमेची खिडकी अधिक त्रासदायक, कारण तिचे ऊन बाहेरची हवा सर्वांत तापलेली असताना येते. म्हणून पडदे ऊन आल्यावर नव्हे, येण्याआधी ओढावेत. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीतली भेग आणि एसीच्या पाइपाभोवतीचे भोक बुजवणे हे तासाभराचे काम असते, आणि त्याचा फायदा पुढे अनेक वर्षे मिळतो.

घरात खर्च झालेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. त्यामुळे एसीच्या खोलीतल्या जुन्या पिवळ्या बल्बची वीज दोनदा मोजावी लागते: एकदा बल्बसाठी आणि नंतर त्याची उष्णता बाहेर काढण्यासाठी. शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता देतो. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपले तर त्या खोलीचा भार वाढतो, तरीही दोन खोल्यांत दोन एसी चालवण्यापेक्षा एकूण खर्च बराच कमी येतो.

ओलावा

आधुनिक वातानुकूलनाचा जन्मच ओलाव्याशी झुंजताना झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई जुळत नसे, ही तिथली अडचण होती. आजही दमट दिवसांत एसीची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात जाते. एक लिटर पाणी हवेतून काढताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता बाहेर टाकावी लागते. एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणे किंवा उकळत्या भांड्याची वाफ तिथे येऊ देणे महाग पडते ते यामुळेच. कोंदट पण फारसे गरम नसलेल्या दिवसांत रिमोटवरचा ‘ड्राय’, म्हणजे मुख्यतः ओलावा काढणारा, मोड वापरून पाहावा. हवा कोरडी झाली की २७ अंशही सुसह्य वाटतात. रात्री बाहेरची हवा गार असेल तर खिडक्या उघडाव्यात, मात्र ती ओली असेल तर तिचा ओलावा सकाळी एसीलाच उपसावा लागतो.

यंत्राची निगा

धूळ भरलेल्या फिल्टरमधून हवा नीट जात नाही. मग कॉइल गरजेपेक्षा थंड होते, कधी तिच्यावर बर्फ जमतो आणि यंत्र चालू असूनही खोली गार होत नाही. तुंबलेला फिल्टर स्वच्छ केल्याने खप ५ ते १५ टक्के कमी होतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. रोज वापर असेल तर दोन ते चार आठवड्यांनी फिल्टर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून लावावा. बाहेरच्या युनिटसमोर कपडे, कुंड्या किंवा अडगळ नसावी, कारण सोडलेली गरम हवा तिथेच घुटमळली तर तीच पुन्हा आत ओढली जाते. प्रशीतक, ज्याला बोलीत ‘गॅस’ म्हणतात, बंद नळ्यांत फिरतो आणि वापराने संपत नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता पुन्हा भरून घेणे म्हणजे पैसे आणि हवामान दोन्हींचे नुकसान, कारण बहुतेक प्रशीतक कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी तापमानवाढ करणारे आहेत.

बाहेर जाताना एसी बंद करण्याऐवजी चालूच ठेवणे स्वस्त पडते, हा समज चुकीचा आहे. खोली तापू दिली की बाहेरून येणारी उष्णता कमी होत जाते, आणि परतल्यावर काढावी लागणारी उष्णता एसी चालू ठेवून उपसलेल्या एकूण उष्णतेपेक्षा कमीच भरते. भिंतीवरचे बटण बंद करून वाचणारी स्टँडबाय वीज मात्र जेमतेम काही वॅटची असते. ती जरूर वाचवावी, पण एसी दोन अंश वर नेण्याच्या जागी तिच्यावर समाधान मानू नये.

मर्यादा आणि मोजमाप

तान्ही बाळे, वृद्ध, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण आणि काही औषधे घेणारे लोक यांचे शरीर उष्णता नीट सोसू शकत नाही. उष्णतेच्या लाटेत त्यांच्या खोलीत काटकसर करू नये. अतिउष्ण हवेत नुसता पंखाही पुरत नाही, कारण त्वचेहून गरम वारा शरीराला उलट उष्णता देतो. अशा वेळी बचत घरातल्या इतर खोल्यांत करावी.

कोणता उपाय आपल्या घरी किती लागू पडतो, हे वीजमीटरवर कळते. झोपताना आणि उठल्यावर आकडा टिपून ठेवावा. बाहेरचे तापमान सारखे असलेल्या रात्रींचीच तुलना करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. फिल्टर धुण्याआधीचा आणि नंतरचा आठवडा यासाठी सोयीचा असतो.