पाळण्याने वर, नळीने खाली

घाटकोपरच्या मेट्रो स्थानकात सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून खाली बघा. सरकते जिने साधारणपणे ३० अंशांत बसवलेले असतात. गर्दीच्या वेळी एखादी आजी पहिल्या पायरीपाशी थबकते, पदर सावरते, मागचे लोक 'चला, चला' करतात आणि तरीही तिचा पाय उचलत नाही. आता तो जिना आणखी आठ अंशांनी उभा करा, पायऱ्या काढून टाका आणि वर घट्ट दाबलेला बर्फ पसरा. ऑस्ट्रियात मायरहोफेनला 'हाराकिरी' नावाचा स्कीइंगचा उतार आहे. त्याच्या काठावर उभ्या असलेल्याला साधारण हेच दिसतं.

हाराकिरीचा उतार ७८ टक्के सांगतात आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ७८ टक्के म्हणजे ७८ अंश नव्हेत. आडवं शंभर मीटर जाताना ७८ मीटर खाली उतरणं म्हणजे ७८ टक्के, अंशांत सुमारे ३८. या हिशेबाने शंभर टक्के म्हणजे फक्त ४५ अंश, आणि आपला सरकता जिना ५८ टक्क्यांचा. त्यामुळे '८५ टक्के उतार' अशी बातमी वाचून भिंत डोळ्यांसमोर आणायचं कारण नाही. पण ३८ अंशही पुष्कळ झाले. घट्ट बर्फावर तिथे पडलेला माणूस आपणहून थांबत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या ट्रेकच्या टोळक्यातल्या एका मित्रामुळे. मुलुंडला राहतो, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे उभ्या घळीतून चढणारी, चार-पाच वेळा चढलाय, घसाऱ्यावर आमच्यासाठी दोर लावायला पुढे तोच असतो. गुलमर्गला जाऊन तो स्कीइंग शिकला. पाचव्या दिवशी गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, दुसऱ्या टप्प्यावर गेला, काठावर उभा राहिला आणि स्की खांद्यावर टाकून त्याच पाळण्याने खाली आला. 'नळी याहून उभी आहे रे,' हे त्याने मला तीनदा ऐकवलं. बोलण्यात लाज कमी होती, कोडं जास्त. या खेळाचा इतिहास चाळल्यावर ते थोडंफार सुटतं. उभ्या उताराची भीती जुनीच आहे, पण आजची ही काठावरची भीती माझ्या मते बऱ्याच अंशी पाळण्याने आणलेली आहे.

सुरुवातीच्या माणसांना ती अशी भेटलीच नाही, कारण ते खालून वर जात होते. आजच्या स्कीइंगचं मूळ घर नॉर्वे. तिथल्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावाने आणि तिथल्या सोन्द्रे नोरहाइमने वळण्याची कला नावारूपाला आणली. मात्र नॉर्वेतल्या लांबलचक स्की मोकळ्या टेकड्यांसाठी ठीक होत्या, आल्प्सच्या उभ्या अंगावर त्यांचा उपयोग नव्हता. हा पेच सोडवला माथियास झ्डार्स्की या ऑस्ट्रियातल्या माणसाने. लिलियनफेल्डजवळ एकटा राहून त्याने स्की आखूड केल्या, टाच इकडेतिकडे हलणार नाही अशी धातूची बांधणी तयार केली आणि हातात एकच लांब काठी घेतली. १८९६ मध्ये आपल्या तंत्रावर त्याने पुस्तक काढलं. १९०५ च्या मार्चमध्ये मुकेनकोगेल डोंगरावर ८५ फाटकांमधून वळत उतरायची शर्यत भरवली. तिला पहिली स्लॅलम शर्यत मानणारे बरेच आहेत. हा गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, हिमस्खलनात सापडला. अंगातली ८० च्या आसपास हाडं मोडली किंवा निखळली. तरी तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा स्की केलं.

यानंतरचा धागा चक्क आपल्याकडून जातो. उताराच्या शर्यतींना आजचं रूप देणारा अर्नोल्ड लन हा इंग्रज जन्मला मद्रासला, १८८८ मध्ये. वडील तिथे मिशनरी होते. लनच्या शर्यतींच्या जगात 'कंदाहार' हे नाव जागोजागी भेटतं. कंदाहार क्लब, कंदाहार बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारी बांधणी), १९२८ पासूनची आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत. बर्फाळ आल्प्समध्ये कंदाहार आलं कुठून? जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्सकडून. जन्म कानपूरचा, १८३२ चा. १८८० मध्ये काबूलहून कंदाहारवर फौज नेली म्हणून त्याला 'कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्स' हा किताब मिळाला, आणि त्याच्या नावाचा चषक १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंटाना इथे पहिल्यांदा खेळला गेला. साहेबाने अफगाणिस्तानात मिळवलेला किताब असा आल्प्सच्या बर्फावर कायमचा जाऊन बसला.

त्या १९११ च्या शर्यतीतली मंडळी आदल्या दिवशी पायी चढून डोंगरातल्या झोपडीत मुक्कामाला गेली आणि सकाळी हिमनदीवरून खाली सुटली. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच म्यूरेनला 'इन्फर्नो' ही शर्यत सुरू झाली. तिचे पहिले १७ स्पर्धकही शिल्टहॉर्न डोंगरावर आपल्या पायांनी चढले होते. चढताना बर्फ कुठे कडक आहे, कुठे पोकळ, कुठे खडक डोकं वर काढतोय, हे सगळं बुटांना कळत जातं. नळीची वाट चढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बेलपाड्याहून निघून उन्हात चार-पाच तास दगड हातांनी चाचपत वर आलेला माणूस मागे वळून बघतो, तेव्हा खालची घळ त्याच्या ओळखीची झालेली असते. पोटात गोळा येतोच, पण तो कशामुळे आला हे त्याला नेमकं माहीत असतं.

मग यंत्रं आली. १९३४ मध्ये दावोसला एर्न्स्ट कॉन्स्टामची ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट बसली. ती आखणारा जिम करन युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनिअर. जहाजावर केळ्यांचे घड चढवायला आकड्यांचा फिरता पट्टा असतो, तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. घडांच्या जागी खुर्च्या टांगल्या की झालं. केळी चढवावीत तशी माणसं डोंगरावर चढू लागली आणि चढण या खेळातून जवळजवळ वजा झाली. त्याआधीच, १९२६ मध्ये, साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने स्कीच्या काठांना पोलादी पट्ट्या लावायचं पेटंट घेतलं होतं. नुसती लाकडी कड कडक बर्फावर बोथट व्हायची. पोलादी कड बर्फ कापते, आणि उभ्या उतारावर माणूस टिकतो तो त्या बोटभरही रुंद नसलेल्या कडेवर. वर पोचणं सोपं झालं, खाली टिकणंही. मधला परिचय तेवढा गळाला.

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन होलचं. तिथे डोंगराच्या खांद्याला एक अरुंद खाच आहे, दोन्ही बाजूंना खडक. आपण तिला नळीच म्हटलं असतं. १९६० मध्ये बॅरी कॉर्बेट या गिर्यारोहकाने ती हेरली आणि कधीतरी कोणीतरी इथून उतरेल, असं भाकीत केलं. १९६६ मध्ये त्या डोंगरावर मोठा पाळणा सुरू झाला. खालून माथ्यापर्यंत सुमारे १,२६० मीटरची चढाई आता एका फेरीची बाब. पुढच्याच वर्षी लॉनी बॉल या गस्तीपथकातल्या तरुणाने ती नळी उतरून दाखवली. नाव पडलं 'कॉर्बेट्स कुल्वार', कुल्वार म्हणजे घळ. तिथे अडचण खालच्या उताराची कमी आणि तोंडाची जास्त. बर्फ किती साठलाय त्यावर सुरुवातीची उडी ठरते, बऱ्याचदा दहा-वीस फुटांची. हवेत असतानाच मन स्थिर ठेवावं लागतं, कारण खाली टेकल्या टेकल्या वळायचं असतं, नाहीतर समोर खडक. त्यामुळे काठावर पाळण्यातून उतरलेल्या लोकांची रांग लागते आणि त्यातले पुष्कळजण नुसते बघून परततात. खुद्द कॉर्बेट १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत होता. १९६८ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचे पाय कायमचे गेले. पुढे अपंगांसाठीच्या एका नियतकालिकाचं संपादन त्याने बरीच वर्षं केलं.

त्याच सुमारास युरोपात उभ्या उतारांचं वेगळंच वेड सुरू झालं. सिल्व्हां सोदां या स्विस माणसाने १९६७ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीजवळची स्पेन्सर नळी स्कीवर उतरली. पन्नास अंशांच्या वरचा उतार. लोक त्याला 'अशक्याचा स्कीपटू' म्हणू लागले. त्याची वळायची रीत बघण्यासारखी होती: वजन टाचांकडे, दोन्ही स्की एकदम उचलून टाचांवर गर्रकन फिरवायच्या, मुंबईच्या पावसात टॅक्सीच्या काचेवर वायपर फिरतो तशा. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराची पश्चिम बाजू झाली. १९७७ मध्ये तो आपल्या नून शिखरावरून (७,१३५ मीटर) उतरला आणि १९८२ मध्ये गाशेरब्रुम १ वरून, म्हणजे आठ हजार मीटरच्या वरून. २०२४ मध्ये तो वारला.

मला मात्र सोदांपेक्षा हाइनी होल्झर जास्त जवळचा वाटतो. इटलीतल्या दक्षिण टायरोलचा, बुटका, पोटासाठी धुराडी साफ करणारा. त्याचा दंडक असा की जी भिंत उतरायची, ती आधी स्वतः चढायची. हेलिकॉप्टर नाही, मागच्या बाजूच्या सोप्या वाटेने वर जाणंही नाही. अशा शंभराहून जास्त उतरणी त्याने केल्या. १९७७ मध्ये पिझ रोझेग शिखरावर पडून तो गेला, तेव्हा चढून जाणं म्हणजे हमी नव्हे हेही मान्य करायला हवं. अमेरिकेत १९७१ मध्ये ग्रँड टीटन शिखर स्कीवर उतरणारा बिल ब्रिग्ज याच जातीचा. जन्मापासून खुब्याचा सांधा धड नाही, शस्त्रक्रियेने तो कायमचा जखडलेला, आणि हा माथ्यावरून एकटाच खाली आला. लोकांचा विश्वास बसेना. मग स्थानिक वर्तमानपत्राच्या बाईंनी विमानातून फोटो काढला. बर्फावर त्याच्या वळणांची रेघ स्पष्ट दिसत होती.

शर्यतवाल्यांना तर या ओळखीची किंमत नियमानेच मोजावी लागते. ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलच्या 'श्ट्राइफ' उतारावरचा 'माउसफाले', म्हणजे उंदराचा सापळा, ८५ टक्के उभा आहे आणि स्पर्धक काही ठिकाणी ताशी १४० किलोमीटरला टेकतात. पण शर्यतीआधी हेच वाघ त्याच उतारावरून आडव्या स्कीवर हळूहळू घसरत, थांबत, प्रत्येक उंचवटा बघत खाली येतात. आधी सरावाची धाव झाल्याशिवाय मुख्य शर्यतीत उतरता येत नाही. टीव्हीवर हा भाग सहसा दिसत नाही.

सामान्य पर्यटकाला ओळख मिळते ती पाट्यांवरून. युरोपात निळा, लाल, काळा. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. अमेरिकी खुणा १९६० च्या दशकात ठरल्या आणि त्यांच्या आजच्या रूपात डिस्ने कंपनीचाही हात आहे. तिला तेव्हा स्वतःचं स्की केंद्र काढायचं होतं. पण तिथला काळा हिरा त्या-त्या डोंगरापुरता खरा. एका ठिकाणचा काळा दुसरीकडे निळा निघू शकतो. काही ठिकाणी उतार रंगांच्या पलीकडचा असतो. फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरची शावानेतची भिंत तशी. सव्वातीनशे मीटरहून जास्त उतार आणि त्यावर माणसाच्या कमरेइतके बर्फाचे उंचवटे. या उंचवट्यांना स्कीइंगमध्ये 'मोगल' म्हणतात. आपल्याला लगेच औरंगजेब आठवतो, पण शब्द मूळचा ऑस्ट्रियाकडच्या बोलीतला, अर्थ 'टेकाड'. बाकी भिंतीवर मोगल म्हटल्यावर मराठी माणसाने काय करायचं ते ठरलेलंच आहे.

काठावर उभं राहिल्यावर शरीर काय करतं, हे मात्र सह्याद्रीतही तेच आणि आल्प्समध्येही तेच. ते डोंगराकडे रेलतं. घसाऱ्यावर उतरताना नवखा मागे झुकतो, पायावरचं वजन जातं आणि तो बुडावर आपटतो. स्कीवर मागे रेललं की पुढच्या भागाची कड बर्फ सोडते आणि वळणच होत नाही. म्हणून शिकवणारे छाती दरीकडे आणि वजन खालच्या पायावर ठेवायला सांगतात. मेंदूला हे पटवणं फार अवघड. वर आणखी एक कारण आहे, ज्याला भीती म्हणून हिणवू नये: बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून उभ्या जागी तो साठायच्या आतच झडतो. स्कीवाल्याला आवडणारा उतार नेमका मधला.

गुलमर्गात १९२७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर तिथेच लष्कराची डोंगरी युद्धाची शाळा उभी राहिली.  गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर चार हजार मीटरच्या जरासाच खाली नेऊन सोडतो. टंगमर्गला भाड्याने घेतलेला कोट आणि गमबूट घालून दादर-डोंबिवलीची कुटुंबं तिथे फोटो काढतात आणि त्यांच्या दहा पावलांवरून लोक स्कीवर खाली सुटतात. तिथून खाली आखीव, दाबलेली वाट नाही. मोकळा डोंगर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत याच डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. याच भागातून वर आलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेलेला एकटा भारतीय होता. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला.

मुलुंडच्या मित्राने पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं काढलीत. तिथल्या ज्या गाइडशी त्याचं बोलणं झालंय, त्याने पहिले तीन दिवस पाळणा बंद, असं बजावलंय. स्कीच्या तळाला, मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या चिकटवून रोज सकाळी पायी चढायचं, दुपारी तेवढंच उतरायचं. मित्राने फोनवर दोनच प्रश्न विचारले म्हणे: डबा काय न्यायचा, आणि वर पाणी मिळतं का.