'इन्क्लूड' आणि 'रिक्वायर' यांमधील फरकाची पार्श्वभूमी

पीएचपी या वेब पानांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत बाहेरची फाइल जोडताना 'इन्क्लूड' वापरावे की 'रिक्वायर', या प्रश्नाला आज ठरलेले उत्तर मिळते: फाइल सापडली नाही, तर 'इन्क्लूड' वॉर्निंग देऊन पुढे जाते आणि 'रिक्वायर' स्क्रिप्ट तिथेच थांबवते. उत्तर बरोबर आहे. मात्र या दोन आदेशांची फारकत झाली, तेव्हा मुख्य मुद्दा अपयशाचा नव्हता, फाइल कधी वाचायची याचा होता.

पीएचपीच्याही आधी, एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राच्या वेब सर्व्हरमध्ये एचटीएमएलच्या कॉमेंटसारखी दिसणारी एक ओळ लिहून पानात दुसरी फाइल ओढून घेता येत असे. ती फाइल नसेल, तर त्या जागी त्रुटीचे एक वाक्य उमटे आणि उरलेले पान निमूटपणे वाचकापर्यंत पोहोचे. तळटीप गहाळ झाली म्हणून अख्खे पान अडवू नये, हा विचार स्थिर पानांपुरता योग्यच होता.

जून १९९८ मध्ये आलेल्या पीएचपी ३ मध्ये 'रिक्वायर' हे सी भाषेतील प्रीप्रोसेसरच्या (मुख्य कोडवर काम सुरू होण्याआधी मजकुरात फेरफार करणाऱ्या टप्प्याच्या) धर्तीवर काम करी, म्हणजे त्या ओळीच्या जागी फाइलचा मजकूरच येऊन बसे. त्यामुळे 'इफ'ची अट खोटी ठरली तरी फाइल वाचली जाई आणि लूपमध्ये दर फेरीला वेगळी फाइल घ्यायची झाल्यास 'इन्क्लूड'च वापरावे लागे. २००० सालच्या ४.०.२ या आवृत्तीने हा भेद मिटवला. तेव्हापासून दोघांत उरला तो केवळ अपयश हाताळण्याचा फरक.

डेटाबेसच्या जोडणीची फाइल 'इन्क्लूड'ने घेतली आणि ती सापडली नाही, तर पडद्यावर आधी 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम' येते. पण वॉर्निंगचा मजकूर हेडर्सच्या, म्हणजे पानाआधी ब्राउझरला पाठवायच्या माहितीच्या, आधीच बाहेर पडल्यामुळे पुढे सेशन किंवा रीडायरेक्टच्या ओळीवर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी तक्रार येते आणि नवखा प्रोग्रामर त्या दुसऱ्याच ओळीत दोष शोधत बसतो. शिवाय वॉर्निंगमध्ये सर्व्हरवरील पूर्ण पाथ उघडा पडतो. त्यावर '@' हे त्रुटी लपवणारे चिन्ह लावून तोंड बंद करण्याची जी सवय रुजली, ती माझ्या मते मूळ दुखण्याहून वाईट. 'फाइल_एक्झिस्ट्स'ने आधी तपासणेही पुरेसे नसते, कारण ते फंक्शन 'इन्क्लूड_पाथ', म्हणजे 'इन्क्लूड' जिथे फाइल शोधते त्या फोल्डरांची यादी, पाहत नाही. या पाथच्या घोळावर २००९ मधील ५.३ आवृत्तीच्या '__डीआयआर__'ने (चालू फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा पत्ता देणाऱ्या स्थिरांकाने) बराचसा उतारा दिला.

अपयशापेक्षा यशच महागात पडावे, असाही काळ होता. यूआरएलमधून आलेले पानाचे नाव थेट 'इन्क्लूड'ला देणाऱ्या साइटवर हल्लेखोर आपल्या सर्व्हरवरील फाइलचा पत्ता देई आणि तिच्यातला कोड साइटच्या सर्व्हरवर चाले. २००६ मधील ५.२ आवृत्तीत 'अलाउ_यूआरएल_इन्क्लूड' ही वेगळी सेटिंग आली आणि ती मुळातच बंद ठेवण्यात आली.

गरज पडताच क्लासची फाइल आपोआप जोडणाऱ्या पीएचपी ५ मधील ऑटोलोडने आणि पुढे २०१२ पासून कंपोझर या बाहेरची पॅकेजेस आणून देणाऱ्या साधनाने क्लासच्या फाइली हाताने जोडण्याचे कामच कमी केले. आता अनेक प्रकल्पांत सुरुवातीला 'व्हेंडर/ऑटोलोड.पीएचपी' ही कंपोझरने तयार केलेली फाइल मागवणारी 'रिक्वायर'ची एकच ओळ असते, आणि नव्या सर्व्हरवर 'कंपोझर इन्स्टॉल' चालवायचे राहिले, तर स्क्रिप्ट त्याच ओळीवर थांबते.